खांद्याचं माप

बाही लांब झाली तर गिऱ्हाईक शिंप्याला बोलतं. बंदुकीचा दस्ता लांब असला तर माणूस स्वतःलाच दोष देतो. हा फरक मला चिकपेटेतल्या आमच्या दुकानात बसून कळला. घर नामदेव शिंप्यांचं. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड. शस्त्रपूजा म्हटली की आमची कात्री आणि शिलाई मशीन.

कोडगूची काही घरं लग्नाचं रेशीम घ्यायला चिकपेटेत येतात आणि पुरुषांचे काळे कुप्ये आमच्याकडे शिवायला टाकतात. अशाच एका घरातली मुलगी ब्लाउजचं माप द्यायला आली, तेव्हा तिच्या उजव्या खांद्यावर, मुंढ्याच्या जरा आत, काळानिळा डाग दिसला. "आजोबांची रायफल," ती म्हणाली. सप्टेंबरच्या सुरुवातीला कोडवांचा कैलपोळ्द येतो. भाताची लावणी उरकली की शस्त्रांची पूजा होते, मग नारळावर नेमबाजी. कोडवांना शस्त्रपरवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९मध्ये ती २०२९पर्यंत वाढवली. त्यामुळे घरात बंदूक असण्याचं तिथे कुणाला नवल नाही. तिच्या वडिलांना वेगळीच काळजी होती. "आमच्या घरात असं कुणी नव्हतं," ते म्हणाले. "ही घाबरते. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटते."

मुलगी खाली मान घालून उभी होती. मला ते पटेना. दर बाराला मार बसत असेल तर डोळे मिटणारच. त्याला भित्रेपणा कसं म्हणायचं?

कुप्ये पोचवायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा टेप बरोबर नेला. आत काडतूस नाही याची वडिलांनी दोनदा खात्री केली आणि रायफल टेबलावर ठेवली. सुंदर होती, आणि हलकी, पावणेतीन किलो. दुखणं तिथूनच सुरू होत होतं. गोळी आणि जळलेल्या दारूचा वायू जेवढ्या जोराने पुढे जातो, तेवढ्याच जोराने बंदूक मागे येते. आमच्या दुकानापासून जवळच तारामंडलपेट आहे; टिपूच्या काळात तिथे अग्निबाण बनत, असं सांगतात. अग्निबाणाला जो रेटा पुढे नेतो, तोच बंदुकीत खांद्यावर येतो. तो नाहीसा करता येत नाही. पण बंदूक जड असली तर ती सावकाश मागे येते. काडतूस तेच ठेवून पावणेतीन किलोची रायफल साडेतीन किलोची केली, तर मागे येणारी ऊर्जा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होते.

मग ती हलकी का केली असेल? शिकारी दिवसभर डोंगर चढायचा, म्हणून. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती पायपीट संपली. आता रायफल माजघरातून अंगणापर्यंत जाते. हलकेपणाची गरज गेली, त्याची किंमत मात्र नातीचा खांदा देत होता.

उरलेला दोष मापाचा होता. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत १४ इंच भरले. मुलीचा हात कोपरात वाकवून कोपराच्या खळीपासून तर्जनीच्या पेरापर्यंत मोजलं, तर साडेबारा. लांब दस्ता बगलेत अडकायचा, म्हणून ती तो बाहेर दंडाकडे सरकवत होती. टोकाला अरुंद लोखंडी पट्टी. सगळा धक्का तेवढ्याच जागी. गाल टेकायची कड इतकी खाली की नेम धरायला मान वर उचलावी लागे, आणि बार उडाला की नळी वर उसळून लाकूड गालफडावर आपटे. हा दस्ता उंच, लांब हातांच्या पुरुषासाठी बेतलेला होता. आजोबा तसेच होते. भिंतीवर फोटो होता.

मी कागदावर आकृती काढून दिली. लाकडाचं काम परवानाधारक बंदूक कारागिराने केलं: अक्रोडाचा जाड दस्ता, गालाची कड वर, टोकाला रुंद, इंचभर जाडीचं मऊ रबर. रबराने धक्का जास्त जागेवर पसरतो आणि जास्त वेळ घेऊन पोचतो. लांबी मात्र रबर धरून साडेबारा व्हायला हवी, म्हणून लाकूड साडेअकरालाच कापलं. कोटाच्या खांद्यात पॅड घालायचा असला की आम्हीही त्याची जागा आधी कापडात धरतो. मागे शिसं भरलं, पण तोल जाऊ नये म्हणून थोडं पुढेही. लोखंड लाकडात जिथे बसतं ती खाच इपॉक्सीने घट्ट भरली. तिथे फट राहिली तर धक्क्याने लाकूड तडकतं. नळीच्या तोंडाला ब्रेक बसवायचं वडिलांच्या मनात होतं. त्याने धक्का बराच कमी होतो, पण वायू बाजूला फेकला जातो आणि शेजारी उभ्या माणसाच्या कानठळ्या बसतात. सणाला अंगणात पोरंबाळं असतात. ते राहू दिलं.

नव्या दस्त्याने भीती एका दिवसात गेली नाही. शरीराने शिकलेलं शरीरालाच विसरावं लागतं. काही आठवडे तिने कानात बोळे घालून पॉइंट टू-टूवर सराव केला. मग मोठ्या रायफलीत वडील तिच्या नकळत कधी खरं, कधी नकली काडतूस भरू लागले. नकलीवर बार होत नाही, त्यामुळे चाप ओढताना हात दचकला तर नळी खाली झुकलेली स्पष्ट दिसते. आधी ती दर वेळी झुकायची. पुढे पुढे स्थिर राहू लागली.

वडिलांनी रायफल एकदा उचलून पाहिली. "जड झाली," म्हणाले.

"मला नाही झाली, अप्पा," मुलगी म्हणाली.

जुना दस्ता त्यांनी टाकला नाही. कुप्याच्या उरलेल्या काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. त्या लाकडात दोष नव्हताच. ते आजोबांच्या मापाचं होतं.