८०० मधले ११८

‘पर किलोमीटर पाच रुपये, डन?’ ऑफिसात सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आम्ही दोघं अडकलो! टार्गेट सॉलिड होतं: चांदीपहून सायकलने थेट वरोऱ्याचं आनंदवन, ८०० किलोमीटर. जमलेले पैसे तिथेच द्यायचे.

वज्रेश्वरीपर्यंत नुसती धमाल. कसारा घाटात मात्र दोस्ताचा गुडघा बोंबलला. इगतपुरीत मीटर ११८ वर थांबला.

‘एसटीने जाऊ यार. आकडा ८०० च सांगू. पैसे चांगल्या कामालाच जाणारेत ना?’

खरं सांगू? मोह झाला. मग बाबा आमटे आठवले. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ निघालं, तेव्हा शंभरावर तरुण सायकलवर होते आणि मणक्याच्या दुखण्यामुळे बाबा गाडीत आडवे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यात लपवण्यासारखं काय होतं?

आम्ही परतलो. सोमवारी ऑफिसच्या बोर्डावर लिहिलं: ११८. हशा पिकला. माणशी ५९० रुपये जमले, आनंदवनाला चेक गेला. खोटं बोललो असतो तर माणशी ३,४१० रुपये जास्त गेले असते, हे अजूनही टोचतं. दोस्त तर महिनाभर धड बोलला नाही.

परवा त्याचा फोन आला. ‘गुडघा ओके आहे. इगतपुरीपासून पुढे कधी निघायचं?’