फळा दिसत नव्हता, आणि मी 'ढ' ठरलो

चौथीपर्यंत मी वर्गातला 'ढ' होतो. औसा तालुक्यातलं आमचं गाव, दोन खोल्यांची शाळा आणि मागच्या रांगेत आम्ही बौद्ध वस्तीतली पोरं. तिथंच बसा, असं कुणी सांगत नव्हतं. पण जागा ठरलेली होती. गुरुजी फळ्यावर लिहायचे आणि मी शेजारच्याच्या पाटीत बघून उतरवायचो. नक्कल करतो म्हणून छडी मिळायची. "तुमच्यातल्यांच्या डोक्यात कुठं शिरणार," हे तर रोजचंच.

अकराव्या वर्षी शिकायला लातूरला मामाकडं आलो. मामानं भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख विचारली. मला कॅलेंडर दिसत होतं, तारीख दिसत नव्हती. डॉक्टरांनी तपासलं. उजव्या डोळ्याला चष्मा लागला आणि जग एकदम स्वच्छ झालं. डाव्या डोळ्याबद्दल ते म्हणाले, "याला चष्म्यानं फारसा फरक पडणार नाही. चार-पाच वर्षांचा असताना आणायला हवा होता." बसस्टँडवर माय बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दिसत नाही असं तू कधी बोललाच नाहीस रे."

कसा बोलणार? सगळ्यांना असंच दिसतं, असं मला वाटत होतं.

मित्रांनो, खरी मेख इथंच आहे. लहान मूल दृष्टीची तक्रार करत नाही. एका डोळ्यानं कमी दिसत असेल तर ते दुसऱ्यावर भागवतं आणि मेंदू कमजोर डोळ्याकडं दुर्लक्ष करायला शिकतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. लवकर सापडला तर चष्मा देऊन किंवा चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून तो सुधारता येतो. सात-आठ वर्षांनंतर उपचाराचा उपयोग कमी होत जातो. म्हणून तपासणी अंगणवाडीच्या वयातच व्हायला हवी. त्यासाठी मुलाला वाचता यायची गरज नाही. 'ई' अक्षराची तोंडं कुठल्या बाजूला आहेत, एवढं बोटानं दाखवता आलं तरी पुरतं. मात्र दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले पाहिजेत.

सरकारकडं योजना नाही, असं कुणी म्हणू नये. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करायची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा, असा त्याचा नियम. दृष्टिदोष त्याच्या यादीत आहे. पथकात दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. हा सगळा खर्च आपल्याच करातून होतो. काडेपेटी घेणारी आपली मायसुद्धा तो कर भरते.

मग मूल सुटतं कुठं? ज्या दिवशी गाडी येते, त्या दिवशी ते हजर नसतं. आपल्या मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची लेकरं फडावर असतात आणि गावातल्या हजेरीपटावर 'गैरहजर'. जे सापडतं, त्याच्या हातात पुढच्या तपासणीची चिठ्ठी येते. पण जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणार. चिठ्ठी पत्र्याखाली खोचलेली राहते. आणि पोरगी असेल तर, "चष्मा लागला तर लग्नाचं कसं," ही चिंता आपल्याही घरात आहे. ती आपणच मोडायची आहे.

लातूर पॅटर्नचा आपल्याला अभिमान आहे. गुणवत्ता यादीत लातूरचं नाव गाजलं. पण त्या यादीत पोचायच्या आधी ज्यांना फळाच दिसला नाही, त्यांची मोजदाद कुणी केली? ज्यांच्या घरी तारीख वाचायला लावणारा मामा नव्हता, ते आज कुठं आहेत? गुणवत्ता जन्मजात असते असं म्हणणाऱ्यांना मी माझा डावा डोळा दाखवतो.

संविधानाच्या कलम ४७ मध्ये सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य सांगितलं आहे. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याआधीच्या संगोपनाची जबाबदारी कलम ४५ नं राज्यावर टाकली आहे. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटलं. शिकायला आधी दिसावं लागतं.

आपण जयंतीला नेत्रशिबिरं घेतो. चांगलं आहे. पण त्यात म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू तपासले जातात, लेकरं मिरवणुकीत असतात. आणि शिबिर संपलं की विषय संपतो. त्याऐवजी आपल्या वस्तीच्या अंगणवाडीत जा. ताईंशी भांडू नका, त्याही तुटपुंज्या मानधनावर राबतात. यंदा पथक कधी आलं, किती मुलं गैरहजर होती, चिठ्ठी दिलेल्यांपैकी किती जणांना चष्मा मिळाला, एवढं विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. ऊसतोडीहून परतलेल्या लेकरांसाठी गाडी पुन्हा आलीच पाहिजे, असा ठराव ग्रामसभेत मांडा. आणि ज्याच्या हातात चिठ्ठी आहे, त्याच्या आईसोबत आपल्यातल्या एकानं दवाखान्यात जा.

माझा डावा डोळा आता परत येणार नाही. पण परवा वस्तीतल्या अंगणवाडीत चार वर्षांची एक चिमुरडी उजवा डोळा झाकला की रडायला लागायची. आम्ही तिला वेळेत नेलं. आता ती पट्टी लावून अंगणवाडीत जाते, आणि बसते पहिल्या रांगेत.

जय भीम! जय संविधान!