बुद्धिबळाची सांगली

हळदीची बाजारपेठ, कृष्णाकाठचा गणपती, १९२९ सालचा आयर्विन पूल आणि भडंग. सांगली म्हटले की एवढे आपल्याला आठवते. पण हे बुद्धिबळाचेही गाव आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळात इथली कितीतरी मुले पटापुढे बसवली. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद आणि १९९१ साली आशियाई विजेतेपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे याच सांगलीच्या.

या सुट्टीत मुलींच्या वयोगट स्पर्धेसाठी भाचीला घेऊन बेळगावहून तिथे गेले. मिरजेला उतरलो की सांगली हाकेच्या अंतरावर. हॉलबाहेर सगळे पालक डबे सांभाळत बसलेले. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, त्याच्याच गप्पा चालल्या होत्या.

शेवटच्या फेरीत भाचीसमोर सांगलीचीच मुलगी आली. बक्षिसात यायला भाचीला अर्धा गुण तरी हवा होता. दोन तास झाले तरी दोघी बाहेर येईनात. मग कळले, पटावर दोघींचा एकेक हत्ती उरलाय आणि सांगलीकरणीकडे एक प्यादे जास्त आहे. आता हरणारच, असे आम्हाला वाटले.

पण असा डाव वाचवण्याची एक जुनी रीत आहे. आपला राजा प्याद्याच्या वाटेत शेवटच्या घरी बसवायचा आणि हत्ती आपल्याकडून तिसऱ्या आडव्या रांगेत ठेवायचा, म्हणजे समोरच्या राजाला पुढे येता येत नाही. वाट मोकळी करायला प्यादे त्या रांगेत आले, की हत्ती थेट पटाच्या पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. प्यादे पुढे गेलेले असल्यामुळे राजाला लपायला आडोसा उरत नाही. भाचीने तेच केले. घड्याळात तीन मिनिटे राहिली असताना डाव बरोबरीत सुटला.

नंतर दोघी पायरीवर पट मांडून तोच डाव पुन्हा खेळू लागल्या. “प्यादं इतक्यात ढकलायचं नव्हतं गं,” सांगलीची मुलगी म्हणाली. भाचीने तिला डब्यातला कुंदा दिला, तिने भडंगाची पुडी उघडली. निघताना ती म्हणाली, “पुढच्या वर्षी ये की. बघतोच तुला!”

तेव्हापासून आमच्याकडे रोज संध्याकाळी हत्ती-प्याद्याचे डाव चालू आहेत.