बखर, पडदा आणि वाचकाचा संशय

एखादी प्रिय साहित्यकृती पडद्यावर अवतरते तेव्हा तिच्या वाचकाच्या मनात प्रथम आनंद उमटतो आणि त्यापाठोपाठ तक्रार. ‘पुस्तकात असे नव्हते’ हे त्या तक्रारीचे सर्वपरिचित रूप होय. समीक्षक या वाक्याकडे सहसा काहीशा उपेक्षेने पाहतात. माध्यम बदलले की रूप बदलणारच, हे त्यांना ठाऊक असते. वाचकाचे म्हणणे ही बाळबोध शब्दनिष्ठा होय, असे मानून ते पुढे जातात. परंतु ज्या पुस्तकाने ‘असेच घडले’ असे अनेकदा ठामपणे सांगितलेलेच नाही, त्याच्याही बाबतीत हीच तक्रार तितक्याच तीव्रतेने उमटत असेल, तर तिच्या मुळाशी शब्दनिष्ठेहून निराळे काही असले पाहिजे. ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकेला चाहत्यांनी दिलेला प्रतिसाद या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

ही मालिका एचबीओ या अमेरिकन वाहिनीवर २१ ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झाली. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ (२०११-२०१९) या विलक्षण लोकप्रिय मालिकेची ती पूर्वकथा. पहिल्याच रात्री अमेरिकेत सुमारे एक कोटी प्रेक्षकांनी ती पाहिल्याचे वाहिनीने जाहीर केले. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले ‘फायर अँड ब्लड’ हे पुस्तक तिचा आधार. वेस्टेरॉस या कल्पित भूमीवर ड्रॅगनांच्या बळावर राज्य करणाऱ्या टार्गेरियन घराण्यातील भाऊबंदकी हा तिचा विषय आहे. राजा व्हिसेरिस आपली कन्या रेनीरा हिला वारस नेमतो. त्याच्या मृत्यूनंतर मात्र त्याची दुसरी राणी अलिसेंट आणि तिचे पक्षपाती रेनीराचा सावत्र भाऊ एगॉन याला सिंहासनावर बसवतात. बाराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मटिल्डा आणि स्टीफन यांच्यात झालेल्या वारसायुद्धाची छाया या कथेवर स्पष्ट दिसते.

‘फायर अँड ब्लड’ ही रूढ अर्थाने कादंबरी नव्हे. घटना घडून गेल्यावर बऱ्याच काळाने गिल्डेन नावाच्या एका कल्पित पंडिताने लिहिलेला इतिहास, असे तिचे रूप आहे. या पंडितापुढे साधने आहेत, पण ती परस्परविरोधी आहेत. युस्टस हा धर्मगुरू एगॉनच्या पक्षाकडे झुकलेला. मन्कुन हा विद्वान दुसऱ्याच्या जबानीवर विसंबून लिहिणारा. आणि मशरूम हा दरबारी विदूषक, ज्याला प्रत्येक बंद दाराआड काहीतरी चावट घडताना दिसते. गिल्डेन या तिघांची साक्ष काढतो, कोठे एकाला झुकते माप देतो, तर कोठे तिन्ही हकिकती शेजारी शेजारी मांडून स्वस्थ बसतो. मराठी वाचकाला येथे आपल्या बखरवाङ्मयाची आठवण होणे स्वाभाविक आहे. बखर वाचताना घटनेइतकाच बखरकारही वाचावा लागतो. तो कोणाच्या पदरी होता, कोणासाठी लिहीत होता, हे ध्यानात ठेवावे लागते.

अशा पुस्तकाचा वाचक हा केवळ श्रोता राहत नाही. तो पंच होतो. युस्टस खरा की मशरूम, याचा निवाडा त्याने करावयाचा असतो आणि त्या निवाड्यातूनच व्यक्तिरेखा त्याच्या मनात आकार घेतात. एका वाचकाची अलिसेंट महत्त्वाकांक्षी व कावेबाज असते, दुसऱ्याची मुलांच्या जिवाच्या भीतीने पछाडलेली. दोघांपाशीही पुरावा असतो. पुस्तकाने ठेवलेल्या फटींमधून वाचक आत शिरतो आणि तेथे आपले असे काही बांधतो. ते बांधकाम त्याचे स्वतःचे असते. मात्र ते स्वतःचे आहे हे त्याला बहुधा उमगलेले नसते. पुस्तकातच ते तसे आहे, असे तो प्रामाणिकपणे मानतो.

पडद्याला ही सवलत सहसा मिळत नाही. ‘असेही सांगतात’ हा वाक्प्रयोग कॅमेऱ्याला अवघड जातो. जे दाखवले ते घडले, अशीच प्रेक्षकाची धारणा होते. कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ (१९५०) या चित्रपटात एकाच घटनेच्या निरनिराळ्या साक्षी दाखवल्या आहेत, हे खरे. पण तो साऱ्या चित्रपटाचा विषयच होता. अनेक भागांतून वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेला तो मार्ग झेपणारा नव्हता. म्हणून रायन कोंडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी भूमिका घेतली. इतिहासकारांनी जे लिहिले ते ऐकीव. प्रत्यक्षात काय घडले ते आम्ही दाखवतो, असा तिचा आशय. भूमिका चतुर आहे. तिच्यामुळे पुस्तकाशी येणारी प्रत्येक विसंगती इतिहासकाराच्या माथी मारता येते.

पहिल्या पर्वाच्या अखेरच्या भागात याचे लक्षणीय उदाहरण आढळते. अलिसेंटचा मुलगा एमंड आपल्या प्रचंड ड्रॅगनावरून रेनीराच्या कोवळ्या मुलाचा, ल्युसेरिसचा, वादळात पाठलाग करतो. पुस्तकात ही निखालस हत्या आहे. मालिकेत एमंडला त्याला केवळ भेडसावायचे असते. पण ड्रॅगन त्याचे ऐकत नाही, आणि क्षणार्धात ल्युसेरिस व त्याचे वाहन यांच्या चिंधड्या उडतात. एमंडच्या चेहऱ्यावर विजय नव्हे, भय दिसते. या बदलावर चाहत्यांत तट पडले. एमंडचा गुन्हा सौम्य करून टाकला, असे काहींनी म्हटले. इतरांना मात्र येथेच कथेला खोली आलेली जाणवली: ढगांच्या वर त्या दोघांखेरीज साक्षीदार नव्हता, किल्ल्यावरील माणसांना वादळ दिसले, मनुष्याचे मन दिसले नाही, मग बखरीत हत्येखेरीज दुसरे काय नोंदले जाणार? पंचाची जागा गमावलेल्या वाचकाला या प्रसंगाने क्षणभर ती परत दिली, असे म्हणता येईल.

हे औदार्य सर्वत्र साधलेले नाही. पुस्तकात अलिसेंट रेनीराहून नऊ-दहा वर्षांनी मोठी आहे. मालिकेने त्या दोघींना समवयस्क सख्या केले. पुढे मरणासन्न व्हिसेरिस भ्रमात एका पूर्वजाच्या स्वप्नाविषयी पुटपुटतो. तो पूर्वजही एगॉनच. अलिसेंट त्या शब्दांचा अर्थ आपल्या मुलाला वारस नेमले असा घेते. येथे चाहत्यांची कुरकूर निराळी होती. सत्तालोभाच्या जागी गैरसमज आणला की पात्र सहानुभूतीला योग्य ठरते. पण त्याचे स्वतःचे असे इच्छाबळ हिरावले जाते. स्त्रीला निर्दोष ठरवताना तिला दुबळी ठरवण्याची ही चूक नव्हे काय, हा प्रश्न सामान्य प्रेक्षकाने विचारला, आणि तो कोणत्याही समीक्षकाच्या प्रश्नाहून कमी दर्जाचा नाही.

रेनीराचे अनुयायी ‘काळे’ आणि अलिसेंटचे ‘हिरवे’. ही नावे पुस्तकात दोघींच्या वस्त्रांच्या रंगांवरून पडतात. प्रेक्षकांनी ती स्वतःला लावून घेतली. वाहिनीनेही २०२४ च्या मार्चमध्ये दुसऱ्या पर्वाच्या एक काळी व एक हिरवी अशा दोन झलकी प्रसृत केल्या आणि प्रत्येकाने आपला पक्ष निवडावा असे आवाहन केले. यातील विसंगती सहज ध्यानात येते. पूर्वकथेचा शेवट कोणापासून लपलेला नव्हता. रेनीराला तिच्या भावाच्या ड्रॅगनाने तिच्या मुलादेखत खाल्ले, हे ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधील एका पात्राने २०१३ सालीच सांगून टाकले होते. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यानाचा शेवट ठाऊक असतो. त्याचे लक्ष ‘पुढे काय’ याकडे नसून ‘कसे’ याकडे असते. येथेही तीच भूमिका अपेक्षित होती. दोन्ही पक्ष जळून जातात, हे सांगणाऱ्या कथेच्या प्रेक्षकांनी पक्ष घेऊन भांडावे, हे कथेचे अपयश म्हणावे की तिच्या सत्यतेचा पुरावा, याचा निर्णय सोपा नाही.

सर्वांत गंभीर तक्रार मात्र सत्य कोणते याविषयी नव्हती, ती कार्यकारणाविषयी होती. जून २०२४ मध्ये दुसरे पर्व सुरू झाले. पुस्तकात एगॉनची राणी हेलेना हिला तीन मुले आहेत. रात्री महालात शिरलेले मारेकरी तिला दोन मुलांपैकी कोणता मरावा हे निवडायला लावतात. ती धाकट्या मेलोरचे नाव घेते. ते थोरल्याला मारतात. ज्याचे नाव तिने घेतले तो मुलगा जिवंत राहतो, आणि त्याच्याकडे पाहणे हीच तिची शिक्षा होते. मालिकेत मेलोर जन्मालाच आलेला नाही. हेलेना केवळ जुळ्यांपैकी मुलगा कोणता ते दाखवते. प्रसंग भीषण आहेच, पण निवडीचा डाग त्यातून पुसला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतः मार्टिन यांनी याविषयी नाराजीचे एक टिपण प्रसिद्ध केले आणि ते अल्पावधीत मागे घेतले. एक लहान मूल वगळल्याने पुढील घटनांच्या साखळीत काय काय ढासळते, हे त्यांनी त्यात मांडले होते. मूळ लेखकच येथे तक्रार करणाऱ्या वाचकांच्या ओळीत येऊन उभा राहिला. ‘पुस्तकात असे नव्हते’ हे वाक्य दर वेळी बाळबोध नसते, याचा याहून उघड दाखला मिळणे कठीण.

तरीही प्रत्येक तक्रार पुस्तकप्रेमातूनच उपजते असे मानणे भोळेपणाचे ठरेल. कॉर्लिस व्हेलॅरियन या दर्यावर्दी सरदाराची भूमिका स्टीव्ह तूसाँ या कृष्णवर्णीय नटाला मिळाली तेव्हा पुस्तकनिष्ठेच्या नावाखाली त्यांच्यावर वर्णद्वेषी टीका झाली. उडते ड्रॅगन चालतात, जांभळे डोळे चालतात, पण श्रीमंत काळा माणूस चालत नाही, अशा आशयाचे मार्मिक उत्तर त्यांनी दिले. गंमत अशी की, याच पुस्तकात नेटल्स नावाची सावळी, निराधार पोर आहे. राजरक्ताचा कोणताही पुरावा नसताना ती रोज एक मेंढी नेऊन रानटी ड्रॅगनाला माणसाळवते, आणि ड्रॅगन फक्त रक्ताला वश होतो या घराण्याच्या दाव्यावरच प्रश्नचिन्ह लावते. दुसऱ्या पर्वात ती आलीच नाही. त्या रानटी ड्रॅगनासमोर अखेरीस एक राजकुलीन मुलगी उभी राहिलेली दिसली. नेटल्ससाठी हळहळणारा चाहता आणि तूसाँवर तुटून पडणारा टीकाकार, दोघांच्याही तोंडी वाक्य एकच होते. एकाला पुस्तकातील शंका हवी होती. दुसऱ्याला स्वतःच्या खात्रीसाठी पुस्तकाचा आधार हवा होता.

या सर्व वादात एक देणेही नोंदले पाहिजे. पॅडी कॉन्सिडाइन यांनी साकारलेला व्हिसेरिस हा पुस्तकातील व्हिसेरिसहून अधिक थोर व शोकात्म झाला आहे, अशी कबुली मार्टिन यांनी २०२२ मध्ये मोकळ्या मनाने दिली. कुजत चाललेल्या देहाने, मुखवट्याआडून, मुलीच्या हक्कासाठी सिंहासनापर्यंत पायऱ्या चढत जाणारा तो राजा पाहिल्यावर पुस्तक पुन्हा उघडणाऱ्या वाचकाला एक चमत्कारिक अनुभव येतो. त्याने २०१८ साली कल्पिलेला आनंदी, स्थूल, काहीसा आळशी राजा आता त्याच्यासमोर येतच नाही. ओळी त्याच असतात, पण त्यांच्यातून कॉन्सिडाइन यांचाच चेहरा वर येतो. नवा राजा अधिक समृद्ध आहे, हे त्याला मान्य असते. तरीही पहिला राजा कोठे गेला, ही हुरहुर उरते. कारण तो त्याने स्वतः घडवला होता आणि त्याची प्रत इतरत्र कोठेही नव्हती.

चाहत्याच्या संतापाचे मूळ येथे आहे. आपल्या हातून काय निसटले हे त्याला नेमके सांगता येत नाही, म्हणून तो सोयीचे वाक्य उच्चारतो आणि पुस्तकाकडे बोट दाखवतो. वस्तुतः त्याने गमावलेली वस्तू पुस्तकात छापलेली नसते. युस्टस आणि मशरूम यांच्या दोन हकिकतींमधल्या कोऱ्या जागेत ती असते. त्या जागेत बसून शंका घेण्याचा, निवाडा करण्याचा आणि उद्या तो बदलण्याचा त्याचा हक्क असतो. मालिका उत्तम असो वा सामान्य, ती ही जागा भरून टाकते. ल्युसेरिसच्या मृत्यूसारखा एखादाच प्रसंग ती पुन्हा मोकळी करतो, आणि त्या प्रसंगी भांडणारे दोन्ही तट नकळत पुन्हा वाचक होतात. अमुक बदल मूळाशी किती जुळतो, हे मोजत बसण्यापेक्षा त्या बदलानंतर विचारण्याजोगे काही उरले की नाही, हे पाहिले तर ‘पुस्तकात असे नव्हते’ या वाक्यातील कोणती तक्रार ऐकावी आणि कोणती सोडून द्यावी, हे बऱ्याच अंशी ठरवता येईल.