माथेरानचा जमाखर्च

आमच्या घरी हिशेबाच्या वह्या टाकून देण्याची पद्धत नाही. दर दिवाळीला माळा साफ करण्याची टूम निघते, वह्यांचे गठ्ठे खाली येतात, धूळ झटकली जाते आणि ते पुन्हा मुकाट्याने वर जातात. यंदा मात्र १९८७ सालची वही माझ्या हातातच राहिली. त्याला कारण आमच्या मुलीचा फोन.

तिच्या घरी सध्या वादाचा विषय आहे तो परदेशवारीचा. मुलांना एकदा विमानाने बाहेर नेऊन आणावे, असे जावईबापूंच्या मनात आहे. हल्ली म्हणे प्रवासाचेही हप्ते पाडून मिळतात! मुलगी म्हणते, तेवढ्या पैशात धाकट्याची दोन वर्षांची फी निघेल. शेवटी तिने मला पंच नेमले. "बाबा, तुम्ही आम्हांला माथेरानला नेलंत, ते तुम्हांला परवडलं होतं का हो?"

"वही बघून सांगतो," असे म्हणून मी फोन ठेवला.

त्या वेळी मी बँकेत कारकून होतो. डोंबिवलीत दोन खोल्या, पदरात दोन मुले, आणि हातात पडणारा पगार सतराशे रुपये. मे महिन्यात मुलांना घेऊन सौ. माहेरी जात असे, आणि तीच आमची सुट्टी. सहल ही चीज आम्ही कॅलेंडरावरच्या चित्रांत पाहत होतो आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

पण त्या वर्षी एके दिवशी मुलीची निबंधाची वही माझ्या हाती आली. विषय होता 'मी केलेली सहल.' दहा वर्षांच्या माझ्या लेकीने महाबळेश्वरचे सुरेख वर्णन केले होते. धुके होते, स्ट्रॉबेरी होती, आणि 'बाबांनी मला घोड्यावर बसवले' असे एक वाक्यही होते. बाईंनी खाली लाल शाईने 'छान' असा शेरा दिला होता. महाबळेश्वर आमच्यापैकी कुणीच पाहिलेले नव्हते!

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बँकेच्या पतपेढीतून आठशे रुपयांचे कर्ज काढले, सौ.ने मिक्सरसाठी साठवलेले पैसे काही न बोलता पुढे केले आणि आम्ही माथेरानला निघालो.

माथेरानच का? तर ते जवळ, म्हणून. कर्जतच्या लोकलने नेरळला उतरायचे आणि छोट्या गाडीत बसायचे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी हे डोंगरमाथ्यावरचे रान साहेबलोकांच्या नजरेस आणले. पुढे १९०७ साली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून वर गाडी नेली. वीस-एकवीस किलोमीटरच्या वाटेला ती दोन तासांहून अधिक वेळ घेते. चिरंजीव सात वर्षांचे होते. गाडी वळणावर आली की आपलेच इंजिन खिडकीतून दिसते, हे त्यांना कळले मात्र, जुम्मापट्टी येईपर्यंत ते खिडकीबाहेर आणि मी त्यांची चड्डी धरून!

वर पोहोचलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. माथेरानला मोटारींना बंदी. पायाखाली तांबडी माती, डोक्यावर जांभळीची दाट सावली, आणि आवाज काय तो घोड्यांच्या टापांचा. दोन दिवसांत आमचे पांढरे कपडे गेरूत बुडवून काढल्यासारखे झाले. शार्लोट तलाव पाहिला, एको पॉइंटवर मुलांनी घसा बसेपर्यंत एकमेकांना हाका मारल्या, आणि पॅनोरमा पॉइंटवरून सूर्योदय पाहण्यासाठी आम्ही अंधारातच चालत निघालो. एका माकडाने चिक्कीचा पुडा पळवला. त्याची नोंद वहीत 'चिक्की (माकड)' अशी स्वतंत्र केलेली आहे.

आता त्या घोड्याची गोष्ट. बाजाराच्या तोंडाशी घोडेवाला आडवा आला. माणशी पंचवीस, दोन्ही मुलांचे पन्नास. मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त घोड्याच्या मानेवर हात ठेवला. मला तो निबंध आठवत होता. त्याच्याचसाठी तर मी कर्ज काढून आलो होतो! पण त्याच क्षणी पतपेढीचे आठ हप्तेही डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि तोंडातून निघून गेले, "नको. चालत जाऊ."

वहीत सगळे आहे. राहणे-जेवण चार दिवसांचे सातशे, गाडीभाडे शहाण्णव, हमाली तीस, चिक्की आणि चपला पंच्याऐंशी, फोटोचा रोल व धुलाई बासष्ट, किरकोळ सदुसष्ट. एकूण रुपये एक हजार चाळीस. घोड्याचा खर्च नाही. पुढच्या पानांवर आठ महिने हप्ते आहेत. त्या दिवाळीत सौ.ला साडी नाही, आणि मिक्सर आला तो दोन वर्षांनी. तोवर चटणी पाट्यावरच.

एवढे आकडे वाचून मी सौ.ला विचारले, "काय गं, परवडलं होतं का आपल्याला?"

ती करंज्यांचे सारण ढवळत होती. म्हणाली, "तुमचं मला ठाऊक नाही. पण लग्नानंतर चार दिवस सलग मला कुणीतरी ताट वाढून दिलं, ते तेव्हाच. दुपारी जेवून मी झोपले होते, आठवतं? भांड्यांचा आवाज येत होता आणि ती मला घासायची नव्हती."

मला आठवत नव्हते. वहीत त्याची नोंद नाही.

संध्याकाळी मुलीला फोन केला. सगळा हिशेब वाचून दाखवला आणि अखेर, इतक्या वर्षांत जे विचारले नव्हते, ते विचारले. "तुला तो घोडा आठवतो का गं?"

"आठवतो ना," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात, त्याचं काही वाटलं नाही हो. पण मग संध्याकाळपर्यंत तुम्ही कुणाशी बोललाच नाहीत. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मी त्या घोड्याला हात लावायला नको होता."

वाचकहो, पन्नास रुपये वाचवून मी काय घालवले, ते मला तेव्हा समजले. मुले मोठेपणी ठिकाणांची नावे विसरतात, पण बापाचा चेहरा विसरत नाहीत. खिशात पैसे मोजणारा हात त्यांना बाहेरूनही दिसतो. तेव्हा माझा निकाल असा की, सहलीला जावे, जरूर जावे. ज्यांना रोज रांधावे लागते त्यांच्यासाठी तर जावेच. पण जेवढ्या खर्चात आपला चेहरा हसरा राहील, तेवढ्याच लांब जावे. हप्त्यांवर परदेश पाहून तिथे पाण्याच्या बाटलीचा भाव करीत बसण्यापेक्षा, रोख पैशात नेरळची गाडी बरी!

जावईबापूंना हा निकाल पटला की सासऱ्यापुढे बोलवेना, हे मला सांगता येणार नाही. परदेश मात्र तूर्त पुढे ढकलला आहे. नाताळच्या सुट्टीत सगळे मिळून माथेरानला जायचे ठरले आहे. २००५च्या अतिवृष्टीत छोट्या गाडीचा मार्ग उखडला होता, तो २००७ साली पुन्हा सुरू झाला. आता दस्तुरी नाक्यापासून ई-रिक्षाही मिळते म्हणतात. आमच्या गुडघ्यांची सोय झाली.

मी नवी वही उघडली आणि पहिल्या पानावर लिहिले : 'घोडा : दोन्ही नातवंडे, आणि त्यांची आई.' रकमेची जागा कोरी ठेवली.

सौ. खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "अहो, परत आल्यावर रक्कम खुशाल लिहा. फक्त तिथे असताना मोठ्याने मोजू नका."