ओपाबिनिया आणि हॅरी व्हिटिंग्टन
सांधेदार पाय आणि बाहेरून कठीण कवच असलेल्या प्राण्यांना संधिपाद म्हणतात; खेकडे, विंचू, कीटक हे सारे याच गटातले. या गटाच्या जीवाश्मांच्या अभ्यासात हॅरी व्हिटिंग्टन (१९१६–२०१०) यांचे आयुष्य गेले. बर्मिंगहॅम, रंगून, युद्धकाळातील चीन, हार्वर्ड असा प्रवास करत ते १९६६मध्ये केंब्रिजला प्राध्यापक झाले, तेव्हा ट्रायलोबाइट या लुप्त संधिपादांचे तज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव झालेले होते.

त्याच सुमारास त्यांनी कॅनडातील बर्जेस शेल या सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातील जीवाश्म नव्याने तपासायला घेतले. ते १९०९मध्ये शोधणारे चार्ल्स वॉल्कॉट यांनी त्यांपैकी बहुतेकांना ओळखीच्या गटांत बसवले होते. पण स्मिथसोनियन संस्थेचा कारभार सांभाळताना त्यांना निवांत परीक्षणास वेळ मिळाला नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. हे जीवाश्म सपाट ठसे नसून त्यांत गाळाचे बारीक थर असतात, हे व्हिटिंग्टन यांनी ओळखले; म्हणून सूक्ष्म कंप पावणाऱ्या छिन्नीने वरचा थर काढून ते खालचे अवयव उघडे करत आणि प्रत्येक टप्प्याचे रेखाटन करत.

वॉल्कॉट यांनी कवचधारी गटात, म्हणजे खेकडा-झिंग्यांच्या गटात ठेवलेला ओपाबिनिया हा प्राणी व्हिटिंग्टन यांनी असाच कोरला. शरीराखाली सांधेदार पाय मिळतील ही अपेक्षा होती, पण तिथे पाय नव्हते. डोक्यावर पाच डोळे आणि पुढे टोकाशी चिमटा असलेली सोंड मात्र होती. १९७२मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत त्यांनी हे चित्र दाखवले तेव्हा जाणकार श्रोते मोठ्याने हसले. इतक्या कष्टाने मिळालेल्या पुराव्याचे असे स्वागत व्हावे, हे आजही खटकते. एका अर्थी ते हसू समजण्याजोगे आहे, कारण असा प्राणी तोवर कोणाच्याही कल्पनेत नव्हता. तरीही पुराव्यापुढे तज्ज्ञाने आधी पाहावे आणि मग प्रतिक्रिया द्यावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

व्हिटिंग्टन यांनी १९७५च्या प्रबंधात ओपाबिनिया संधिपाद नसल्याचे म्हटले. पुढील संशोधकांनी त्याला पुन्हा संधिपादांच्या वंशवृक्षाच्या बुंध्याजवळ आणले, म्हणजे व्हिटिंग्टन यांचा हा निष्कर्ष जसाच्या तसा टिकला नाही. पाच डोळे आणि सोंड यांचे त्यांनी केलेले वर्णन मात्र आजही मान्य आहे.