डब्यातलं कार्ड
आई गेल्यावर लालबागच्या खोलीतून मी एकच वस्तू मागून घेतली, तिचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. घरातले महत्त्वाचे कागद त्यात असायचे. रेशनकार्डाच्या जुन्या प्रती, भाड्याच्या पावत्या आणि तळाशी दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, विम्याचं कार्ड. कामगार राज्य विमा योजना हे पूर्ण नाव आमच्या चाळीत कुणी घेत नसे. विम्याचा डॉक्टर, विम्याचं औषध, एवढंच.

दादा कापड मिलच्या कार्डिंग खात्यात होते. घरी आले की भुवयांवर कापसाची लव असायची. थंडीत धाप लागली की रात्ररात्र भिंतीला टेकून बसायचे. मग परळचं गांधी हॉस्पिटल. पगारातून दर वेळी वर्गणी कापली जायची, म्हणून औषधाला पैसे पडत नसत. खाडे पडले तरी पगाराच्या साधारण निम्मी रक्कम भत्ता म्हणून मिळायची. त्या निम्म्यावर आई महिना काढायची.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांचा पगार थांबला आणि पगारातून होणारी कपातही. आधीच्या वर्गणीवर काही महिने कार्ड चाललं. मग एके दिवशी दादा दवाखान्यातून परत आले ते हातात बाटली घेऊनच, पण चेहरा उतरलेला. डॉक्टरांनी औषध स्वतःच्या खिशातून दिलं होतं. पुढच्या वेळेपासून कार्ड चालणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं होतं. दादांनी कार्ड आईपुढे धरलं. तिने ते पदराने पुसलं, डब्यात ठेवलं आणि म्हणाली, "असू दे. मिल चालू झाली की लागेल." मी तेव्हा दहा वर्षांची होते. दादा परत मिलमध्ये गेलेच नाहीत.

मला नोकरी लागली आणि पुढे कंपनीचा मेडिक्लेमही आला. प्लॅस्टिकचं कार्ड पर्समध्ये पडून असायचं. स्वतःची वेगळी पॉलिसी काढ, असं एक-दोघांनी सुचवलं होतं. कंपनी देते आहे ना, म्हणून मी टाळत राहिले. त्या डब्याच्या घरात वाढलेल्या मुलीला तरी हे कळायला हवं होतं.

२०२४मध्ये माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. खर्च कंपनीच्या गटविम्यातून झाला. हक्काची रजा संपली, आजारपणाची संपली, मग बिनपगारी सुरू झाली. त्यातला माझ्या नवऱ्याच्या नावाचा हप्ता माझ्या पगारातून जायचा. आता पगारच नव्हता, म्हणून ती रक्कम मी दर महिन्याला खात्यावरून पाठवत होते. ऑगस्टमध्ये पत्र आलं. माझं पद रद्द झालं होतं. कमरेला पट्टा बांधून मी पलंगावर पडल्या पडल्या ते वाचलं. नोकरी गेल्याचं पहिल्याच ओळीत होतं. पण छातीत धस्स झालं ते चौथ्या ओळीला: विमा संरक्षण कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंतच.

आजारपणाचा भत्ता घेणाऱ्या कामगाराला कामावरून काढता येत नाही, असं कलम दादांच्या विम्याच्या कायद्यात तेव्हा होतं. ते माझ्या उपयोगाचं नव्हतं, कारण त्या योजनेची पगाराची मर्यादा तेव्हा महिना २१ हजार होती आणि माझा पगार त्याहून जास्त. माणूस आजारी पडतो म्हणून त्याचा पगार थांबतो आणि पगार थांबला म्हणून त्याचा विमा सुटतो. नेमका गरजेच्या वेळी सुटणारा हा आधार कुणी असा बांधला, याचा मला आजही संताप येतो.

ऑफिसातल्या एका मुलीने आपणहून फोन केला. "मॅडम, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. त्याआधीच वैयक्तिक पॉलिसीचा अर्ज टाका." त्याच विमा कंपनीकडे गेलं तर गटातली वर्षं धरली जातात, नाहीतर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, हे मला तिच्याकडून कळलं. २०१०पासून मी विम्यात आहे, असं पत्र तिने दोन दिवसांत मिळवून दिलं. तिचे उपकार मी विसरणार नाही. हप्ता निघाला ३४,२०० रुपये. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६,१५६. मिळकत शून्य असताना ४०,३५६ रुपये! ग्रॅच्युइटीच्या पैशांतून ते भरले. भरताना बोट तीन वेळा थांबलं. किराणा, लेकीची फी, फिजिओथेरपी, सगळं त्याच पैशांत बसवायचं होतं.

पुढच्या वर्षी, २०२५मध्ये, नूतनीकरण सप्टेंबरच्या २८ तारखेला होतं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून गेला, त्यामुळे मूळ हप्ता वाढूनही एकूण रक्कम थोडी खाली आली. आता मी घरून हिशेब लिहायची कामं घेते. त्यातून दर महिन्याला तीन हजार रुपये वेगळे ठेवले होते. मुदतीनंतर तीस दिवसांची सवलत असते, तरी मी २५लाच भरून टाकले.

पावती मोबाइलवर आली. मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ती छापून आणली. चार घड्या घालून डब्यात ठेवली, दादांच्या कार्डावर. झाकणाच्या आतल्या बाजूला आईच्या अक्षरात पेन्सिलीने रेशनच्या तारखा लिहिलेल्या आहेत, निम्म्या पुसलेल्या. त्यांच्याखाली मी लिहिलं: २८ सप्टेंबर २०२६.